उपाहारगृहातील मत्स्यपेटी व माशांची निवड (मराठवाडा)

गिऱ्हाइकांनी पाहावे म्हणून उपाहारगृहात ठेवलेल्या काचेच्या पेटीत कोणते शोभिवंत मासे सोडायचे, हे ठरवण्याची रीत. बोलताना या पेटीला ‘फिश टँक’ किंवा ‘अ‍ॅक्वेरियम’ म्हणतात. पूर्व आशियातल्या काही खाणावळींत पेटीतला जिवंत मासा बोटाने दाखवून ताटात मागवता येतो. मराठवाड्यातली पेटी निव्वळ नजरेसाठी असते, त्यामुळे ‘शुद्ध शाकाहारी’ पाटीखालीही ती निर्धास्त मांडलेली दिसते. तिची जागा सहसा गल्ल्यामागे किंवा फॅमिली रूमच्या दाराशी असते. जेवण यायला वेळ लागला की पोरे तिथे जाऊन उभी राहतात. हॉटेलमालकाच्या लेखी पेटीचा खरा उपयोग तोच.

मालक दुकानात जाऊन रंग पाहून मासा उचलतो. खरे तर त्याने आधी आपल्या नळाचे पाणी पाहावे. मराठवाड्याच्या बहुतेक भागाखाली काळा बसाल्ट आहे आणि हॉटेलांची भिस्त बोअरवर व टँकरवर असते. बोअरचे पाणी बहुधा जड, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) हा जडपणा, म्हणजे कठीणपणा, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरे पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. स्वयंपाकघरातल्या पातेल्याच्या बुडाशी पांढरा थर साचत असेल, तर पाण्याची जात ओळखायला वेगळ्या चाचणीची फारशी गरज नाही. त्यात आज नगरपालिकेचे, उद्या बोअरचे, परवा टँकरचे अशी पाण्याची पाळी बदलत राहते. म्हणून इथला मासा जड पाणी मानवणारा तर हवाच, पाण्यातला बदल सोसणाराही हवा.

जड पाण्याचा एक छुपा धोका असा, की ते बहुधा अल्कधर्मीही असते. माशांच्या विष्ठेतून आणि उरल्यासुरल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. त्याचा विषारी अंश पाण्याच्या सामूवर (पीएच) आणि तापमानावर ठरतो. ३० अंश सेल्सियसला सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी १ टक्क्याहून कमी भाग विषारी रूपात असतो, सामू ८.५ झाला की तोच सुमारे २० टक्के होतो. मऊ पाण्याच्या गावात जेवढी गर्दी खपून जाते, तेवढी इथे मे महिन्यात खपत नाही.

या पाण्याला सर्वांत साजेसे मासे आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले, सिक्लिड कुळातले. त्या सरोवराच्या पाण्याचा सामू ७.८ ते ८.६ च्या आसपास असतो. आपल्याकडे ज्या पाण्याबद्दल तक्रार असते, ते त्यांना मानवते. पिवळाधमक ‘यलो लॅब’, गर्द निळा ‘इलेक्ट्रिक ब्लू’ असे रंग असल्याने लांबच्या टेबलावरूनही ते उठून दिसतात आणि गिऱ्हाइकाला समुद्रातले मासे वाटतात. खऱ्या समुद्री पेटीला शुद्ध पाण्यात मोजून कालवलेले मीठ लागते, उन्हाळ्यात पाणी थंड करणारे यंत्र लागते. तो खटाटोप फार थोड्या हॉटेलांना झेपेल. मलावीचे मासे भांडखोर असतात, पण दगडांच्या कपारी दिल्या की वाटणी करून राहतात. त्यासाठी दुकानातले रंगीत कृत्रिम दगड घ्यायला नकोत. खदानीतला काळा दगड घासूनपुसून, उकळून ठेवला तरी चालतो. यांतले बरेच शेवाळ खरवडून खाणारे असल्याने प्रथिनांचा मारा त्यांना बाधतो, पोट फुगून मरतात.

गप्पी आणि मॉली यांनाही जड पाणी चालते. गप्पी तर डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य खाते हौदांत सोडत असते. मात्र दहा फुटांवरून गप्पी दिसत नाही. त्याला बेसिनशेजारची छोटी पेटीच बरी. याउलट डिस्कस हा अ‍ॅमेझॉनचा गोलाकार, देखणा मासा मऊ, आम्लधर्मी आणि २८ ते ३० अंशांचे पाणी मागतो. त्याच्यासाठी काही जण पिण्याच्या आरओ यंत्राचे पाणी थेट ओततात. त्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात आणि सामू टिकत नाही; ते साध्या पाण्यात ठरावीक प्रमाणात मिसळावे लागते. हे रोज करणारा माणूस हॉटेलात नसतो, म्हणून डिस्कस न घेणेच शहाणपणाचे.

यानंतर प्रश्न हवामानाचा. उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो, तर डिसेंबर-जानेवारीत परभणीसारख्या ठिकाणी रात्री तो ५ अंशांपर्यंत किंवा त्याखालीही उतरतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. त्यातच वीज गेली आणि हवेचा पंप बंद पडला, की मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडू लागतात. अशा वेळी गुरामी तग धरतो. त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक वेगळे इंद्रिय असते, त्यामुळे तो वरची हवा घेऊ शकतो. मोठा गुरामी (जायंट गुरामी) दीड फूट किंवा त्याहूनही जास्त वाढतो, दिवसा फिरता असतो. मोठ्या पेटीत एकटा ठेवला तर हॉटेलच्या पेटीसाठी तो उत्तम, तरी दुकानदार त्याचे नाव क्वचितच पुढे करतात. गोल्डफिश मूळचा थंड पाण्याचा. तो एसीच्या दालनात ठीक राहतो, पत्र्याच्या छपराखाली त्याचे हाल होतात. हिवाळ्यात उष्ण प्रदेशातल्या माशांना हीटर लागतो, लिटरमागे साधारण १ वॅट.

आकाराबाबत मात्र सर्रास फसगत होते. बोटाएवढे असताना ‘शार्क’ म्हणून विकले जाणारे रुपेरी मासे शार्क नसतात. तो पंगस, मासळी बाजारात विकला जाणारा, पूर्ण वाढला तर मीटरभराच्या पुढे जाणारा. ‘पिरान्हा’ सांगून दिलेले लाल पोटाचे पिल्लूही बहुधा रूपचंद निघते. मांसाहारी हॉटेलात पेटीत रूपचंद आणि ताटातही रूपचंद, हा योग काही दुर्मीळ नाही. चार फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच पेटीत काठोकाठ सुमारे २५५ लिटर पाणी मावते. तिच्यात या दोघांपैकी एकही मासा आयुष्यभर राहू शकत नाही. ऑस्करही फूटभर होतो, पण खाऊ घालणाऱ्या माणसाला तो ओळखू लागतो, त्यामुळे वेटरांचा लाडका असतो. या मापाच्या पेटीत एक ऑस्कर पुरे.

मराठवाड्यातल्या हॉटेलांत निवड अनेकदा वास्तू व फेंगशुई यांच्या सल्ल्याने होते. पेटी ईशान्येला असावी, गोल्डफिश आठ लाल व एक काळा असे नऊ असावेत, अरोवाना बरकत आणतो, कपाळावर टेंगूळ असलेला फ्लॉवरहॉर्न नशीब उघडतो, अशा समजुती आहेत. फ्लॉवरहॉर्न हा १९९० च्या दशकात मलेशियात तयार केलेला संकर. जड पाण्यात मजेत राहतो, पण एकटाच ठेवावा लागतो. रुपेरी अरोवाना तीन फुटांपर्यंत वाढतो, चार फुटी पेटीत त्याला धड वळता येत नाही, आणि झाकण सैल असेल तर तो बाहेर उडी घेतो. आशियाई अरोवाना साइटीस या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनुसार अशा प्राण्यांची नोंदणी करावी लागते. मासा मेला तर ‘मालकावरचे संकट त्याने अंगावर घेतले’ असे म्हणण्याचीही रीत आहे. या समजुतीने मालकाचे समाधान होते खरे, पण पाणी तपासायचे राहून जाते.

हॉटेलातले काही धोके घरच्या पेटीला नसतात. झुरळांसाठी मारल्या जाणाऱ्या पायरेथ्रॉइड गटातल्या औषधांचा अंशही माशांना मारक ठरतो. फवारणीच्या दिवशी पेटी झाकून हवेचा पंप बंद ठेवावा, कारण तो खोलीतली हवाच पाण्यात ढकलतो. फोडणीच्या धुरातले तेल पाण्यावर तवंग धरते, तेव्हा पेटी भटारखान्याच्या दारापासून दूर हवी. काचेवर टिचक्या मारणारी आणि पोळीचे तुकडे टाकणारी गिऱ्हाइके सगळीकडे असतात. लाजाळू किंवा निशाचर मासा इथे दगडामागेच बसून राहतो, म्हणजे असून नसल्यासारखा.

नव्या पेटीत अमोनियाचे आधी नायट्राइट, मग नायट्रेट करणारे जिवाणू रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी भरलेल्या पेटीतले मासे पंधरवड्यात मरतात ते यामुळेच. पुढे दर आठवड्याला चौथा हिस्सा, म्हणजे वरच्या चार फुटी पेटीसाठी सुमारे चार बादल्या पाणी बदलावे लागते. नळाच्या किंवा टँकरच्या पाण्यातले क्लोरीन आधी उडवून द्यावे लागते. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा मुलखात चार बादल्याही डोळ्यांत येतात. काढलेले पाणी कुंड्यांना घातले तर झाडे जोमाने वाढतात. तरीही टंचाईच्या महिन्यांत एका मोठ्या माशापेक्षा थोडे, लहान व कमी घाण करणारे मासे परवडतात.

पेटीत मावेनासा झालेला मासा विहिरीत किंवा तलावात नेऊन सोडतात, ही या व्यवसायातली सर्वांत वाईट सवय. काच साफ करतो म्हणून घेतलेला सकर मूळचा दक्षिण अमेरिकेतला. भारतात अनेक नद्यांत व तलावांत तो पसरला आहे. त्याच्या काटेरी कवचाने जाळी फाटतात आणि बाजारात त्याला भाव येत नाही. दुकानदाराने परत घेण्याचे कबूल केले असेल, तरच तो घ्यावा.