केआरएस-वन

केआरएस-वन : (२० ऑगस्ट १९६५ – ). अमेरिकन रॅप गायक (रॅप म्हणजे ठेक्यावर यमकबद्ध शब्द बोलत म्हणणे), गीतकार, व्याख्याता आणि रॅप, रेकॉर्डवादन, नृत्य व भिंतींवरची ग्रॅफिटी यांतून घडलेल्या हिप हॉप संस्कृतीचा भाष्यकार. मूळ नाव लॉरेन्स पार्कर. चाहत्यांमध्ये ‘द टीचा’ म्हणजे ‘गुरुजी’ या नावानेही तो ओळखला जातो. १९८६-८७ मध्ये बूगी डाउन प्रॉडक्शन्स या गटातून पुढे आलेला हा गायक साठीत पोहोचला तरी मंचावर उभा राहतो, आणि अजूनही त्याच्या बोलण्यावरून वाद पेटतात. हिप हॉप म्हणजे निव्वळ गाणे नव्हे, तो माणसांचा एक समाज आहे, ही त्याची धारणा त्याच्या सगळ्या कामाच्या बुडाशी आहे. त्याची सर्वांत चांगली गाणी या धारणेतून आली. ज्या विधानांनी त्याचे जुने चाहतेही हादरले, ती विधानेही तिच्यातूनच आली. म्हणून त्याचे संगीत आणि त्याची मते यांचा वेगवेगळा हिशेब मांडला, तर तो माणूस हाती लागत नाही.

किशोरवयातच घर सोडून तो न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर आणि बेघरांच्या निवारागृहांत राहिला. शाळा सुटली होती. सार्वजनिक ग्रंथालयांत बसून त्याने वाचन केले. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या निवाऱ्यात येणाऱ्या काही कार्यकर्त्यांमुळे त्याला हरे कृष्ण पंथाविषयी ओढ वाटू लागली, तेव्हा तिथले रहिवासी त्याला ‘कृष्णा’ म्हणू लागले. त्याचे ‘क्रिस’ झाले, आणि भिंतींवर ग्रॅफिटी काढताना तो ‘केआरएस-वन’ अशी सही करू लागला. ‘नॉलेज रेन्स सुप्रीम ओव्हर निअर्ली एव्हरीवन’, म्हणजे ज्ञान जवळपास सर्वांवर राज्य करते, असा या अक्षरांचा विस्तार त्याने नंतर केला. तत्त्वज्ञान आणि अध्यात्म यांची ही आवड पुढे सुटली नाही. मांसोद्योगावर टीका करणारे ‘बीफ’ हे गाणे त्याने १९९० मध्ये केले, त्या काळच्या रॅपमध्ये तो विषय कोणाच्या ध्यानीमनीही नव्हता.

निवारागृहातच त्याची गाठ स्कॉट स्टर्लिंगशी पडली. स्टर्लिंग दिवसा तिथे समाजसेवक म्हणून काम करी आणि रात्री डीजे स्कॉट ला रॉक या नावाने क्लबांत रेकॉर्ड वाजवी. दोघांनी मिळून बूगी डाउन प्रॉडक्शन्स हा गट उभा केला. डी-नाइस हा तरुण डीजेही त्यांच्यात आला. याच सुमारास न्यूयॉर्कच्याच क्वीन्स भागातल्या क्वीन्सब्रिज वसाहतीतला रॅपर एमसी शॅन याचे ‘द ब्रिज’ हे गाणे गाजत होते. हिप हॉपचा जन्म क्वीन्सब्रिजमध्ये झाला असा दावा त्या गाण्यात आहे, असा अर्थ केआरएस-वनने घेतला. शॅनने नेमके तसे म्हटले नव्हते, तो आपल्या वस्तीतल्या सुरुवातीविषयी बोलत होता. पण ब्राँक्सच्या पोरांना ते झोंबले. ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक अ‍ॅव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत डीजे कूल हर्कने वाजवलेल्या पार्टीपासून हिप हॉपची सुरुवात मानतात, आणि ती इमारत ब्राँक्समध्ये आहे. ‘साउथ ब्राँक्स’ आणि ‘द ब्रिज इज ओव्हर’ या दोन गाण्यांनी केआरएस-वनने उत्तर दिले. दुसऱ्या गाण्यात डान्सहॉल या जमैकन नृत्यसंगीताचा ठेका आणि बोलीचा बाज होता. कूल हर्क स्वतः जमैकात जन्मलेला, त्यामुळे हिप हॉपचे ते विसरलेले नातेही या निमित्ताने ऐकू आले. ही चकमक ‘ब्रिज वॉर्स’ म्हणून ओळखली जाते आणि रॅपमधल्या जुगलबंदीचा विषय निघाला की आजही तिचे नाव आधी घेतले जाते.

१९८७ मध्ये ‘क्रिमिनल माइंडेड’ हा पहिला अल्बम आला. मुखपृष्ठावर केआरएस-वन आणि स्कॉट ला रॉक बंदुका घेऊन बसलेले. टोळ्या आणि गुन्हेगारी यांचे चित्रण करणारे जे गाणे पुढे गँगस्टा रॅप म्हणून ओळखले गेले, त्याच्या पूर्वजांत या अल्बमची गणना होते. तो बाजारात येऊन काही महिनेच झाले होते, तोच ऑगस्टमध्ये डी-नाइसचे भांडण मिटवायला गेलेला स्कॉट ला रॉक ब्राँक्समध्ये गोळी लागून मरण पावला. वय २५.

गट संपेल असे अनेकांना वाटले होते. केआरएस-वनने तो चालू ठेवला, पण गाण्यांची दिशा बदलली. १९८८ च्या ‘बाय ऑल मीन्स नेसेसरी’च्या मुखपृष्ठावर तो खिडकीचा पडदा बाजूला सारून बाहेर पाहतो आहे आणि हातात बंदूक आहे. घराच्या खिडकीशी शस्त्र घेऊन उभ्या असलेल्या कृष्णवर्णीय नेता माल्कम एक्सच्या प्रसिद्ध छायाचित्राची ती उघड आठवण होती. बंदूक गेली नव्हती, पण ती आता स्वसंरक्षणाच्या आणि राजकारणाच्या भाषेत आली होती. त्याच अल्बममधल्या ‘स्टॉप द व्हायलन्स’ या गाण्याच्या नावाने त्याने चळवळ उभारली. एका रॅप मैफलीत तरुण श्रोत्याचा खून झाल्यानंतर तिला जोर आला. १९८९ मध्ये पब्लिक एनिमी, एमसी लाइट, हेवी डी, कूल मो डी अशा कलावंतांना एकत्र आणून ‘सेल्फ डिस्ट्रक्शन’ हे गाणे काढले गेले आणि त्याचे उत्पन्न कृष्णवर्णीयांसाठी काम करणाऱ्या नॅशनल अर्बन लीग या संस्थेला दिले गेले. ‘यू मस्ट लर्न’मध्ये त्याने शाळेच्या पुस्तकांतून गाळल्या गेलेल्या कृष्णवर्णीय इतिहासाचा विषय घेतला आणि त्याच वर्षी न्यूयॉर्क टाइम्समध्ये याच प्रश्नावर लेख लिहिला. विद्यापीठांत व्याख्याने सुरू झाली ती याच काळात. बेघरपणातून आलेला, औपचारिक पदवी नसलेला हा तरुण प्राध्यापकांच्या सभागृहात अभ्यासक्रमावर बोलत होता, ही त्या काळाच्या मानाने फार मोठी गोष्ट होती.

१९९३ पासून त्याने स्वतःच्या नावाने अल्बम काढले. ‘रिटर्न ऑफ द बूम बॅप’मध्ये डीजे प्रीमियरने रचलेल्या बीटवर म्हणजे ठेक्याच्या संगीतावर त्याचा खणखणीत, शब्दन् शब्द तोडून म्हणण्याचा आवाज सर्वांत चांगला लागला आहे. याच अल्बममधले ‘साउंड ऑफ दा पोलीस’ हे गाणे गुलामांच्या मळ्यावरचा मुकादम आणि आजचा गस्तीचा पोलीस यांना एका रेषेत ठेवते. त्याचा सायरनसारखा पुकारा पुढे चित्रपटांतून आणि जाहिरातींतून इतका वाजला, की मूळ गाण्यातला संताप अनेकांच्या कानांपर्यंत पोहोचतच नाही. हे दुर्दैवच म्हणायला हवे, कारण पोलिसी अत्याचारावरचा इतका नेमका ऐतिहासिक युक्तिवाद तीन-चार मिनिटांत बसवणे कोणालाही सोपे नाही.

उपदेश आणि वर्तन यांतली फट मात्र लवकरच दिसली होती. पीएम डॉन या गटाच्या प्रिन्स बी याने एका मासिकात विचारले होते, की केआरएस-वनला शिक्षक व्हायचे आहे, पण शिक्षक कशाचा? १९९२ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या एका क्लबात प्रिन्स बी गात असताना केआरएस-वन आणि त्याचे साथीदार मंचावर चढले, त्यांनी त्याला खाली ढकलले आणि माइकचा ताबा घेतला. हिंसा थांबवा म्हणणाऱ्याने एका साध्या प्रश्नाला धक्काबुक्कीने उत्तर दिले होते. नंतर त्याने याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. काही वर्षांनी नायकेच्या जाहिरातीसाठी कृष्णवर्णीय कवी-गायक गिल स्कॉट-हेरॉनच्या क्रांतीविषयीच्या कवितेचे रूपांतर त्याने म्हटले, तेव्हा ‘विकला गेला’ हा आरोप झाला.

१९९६ मध्ये त्याने टेम्पल ऑफ हिप हॉप ही संस्था स्थापन केली. ब्रेकिंग (नृत्य), एमसीइंग (रॅप), ग्रॅफिटी आणि डीजेइंग (रेकॉर्डवादन) या चार सर्वमान्य अंगांना त्याने बीटबॉक्सिंग (तोंडाने ठेका धरणे), रस्त्यावरची वेशभूषा, भाषा, व्यवहारज्ञान आणि उद्योजकता अशी आणखी पाच अंगे जोडली. रॅप ही करण्याची गोष्ट आणि हिप हॉप ही जगण्याची, हे त्याचे सूत्र इथलेच. मे २००१ मध्ये १८ तत्त्वांचा हिप हॉप शांतता जाहीरनामा संयुक्त राष्ट्रांना सादर झाला. २००९ मध्ये ‘द गॉस्पेल ऑफ हिप हॉप’ हा आठशेहून अधिक पानांचा ग्रंथ आला आणि शंभर वर्षांनी हिप हॉप हा नवा धर्म असेल, असे त्याने मुलाखतीत सांगितले. अनेक रॅपरांनी आणि समीक्षकांनी याकडे अहंकार म्हणून पाहिले. संस्कृतीची नोंद करणे, तिची तत्त्वे ठरवणे हे काम मोलाचे होते. पण धर्म म्हटला की आत कोण, बाहेर कोण हे ठरते, आणि प्रमुखाला प्रश्न विचारणे अवघड होते.

ही आत-बाहेरची रेघ सर्वांत क्रूरपणे दिसली ती ऑक्टोबर २००४ मध्ये. न्यूयॉर्कर साप्ताहिकाच्या महोत्सवातल्या एका चर्चेत तो म्हणाला, की ११ सप्टेंबरचा हल्ला झाला तेव्हा आम्ही आनंदलो. तो ‘त्यांच्यावर’ झाला, आमच्यावर नाही. ‘ते’ म्हणजे रेकॉर्ड कंपन्या, रेडिओ केंद्रे, श्रीमंत सत्ताधारी. न्यूयॉर्क डेली न्यूजने त्याला अल कायदाचा समर्थक ठरवणारी बातमी दिली. त्याने उत्तरादाखल लिहिले, की आपले शब्द संदर्भाबाहेर काढले गेले. हिप हॉपच्या पेहरावातल्या मुलांना ट्रेड सेंटरच्या दारातून सुरक्षारक्षक परत पाठवत, आणि त्या अपमानातून उमटलेली ती भावना होती, असा त्याचा खुलासा होता. दहशतवादाचा समर्थक हे वर्णन चुकीचे होते आणि अपमानाची तक्रार खोटी मानण्याचे कारण नाही. पण त्याचे विधान वस्तुस्थितीनेच खोडून निघते. त्या दिवशी सर्वांत वरच्या मजल्यांवरच्या उपाहारगृहातले सत्तरहून अधिक कामगार मेले, त्यांत स्वयंपाकी आणि वाढपी होते, कितीतरी जण स्थलांतरित होते. ३४३ अग्निशामक मेले. ज्यांच्या बाजूने आयुष्यभर गायले, तीच माणसे त्याने ‘त्यांच्या’ रांगेत टाकली होती.

बराक ओबामा निवडून आल्यावर कृष्णवर्णीय अमेरिकेत जो उत्साह होता, त्यालाही त्याने साथ दिली नाही. राष्ट्राध्यक्ष हा मुखवटा असतो आणि सूत्रे बँकवाल्यांकडे असतात, असे तो अ‍ॅलेक्स जोन्सच्या २००९ च्या माहितीपटात म्हणाला. सत्तेवर अविश्वास हा त्याचा जुना स्वभाव, पण जोन्ससारख्या कट-कारस्थानांच्या व्यापाऱ्याच्या शेजारी बसल्याने त्याच्या टीकेचे वजन घटले.

२०१६ मध्ये हिप हॉपचा आद्य डीजे आफ्रिका बम्बाटा याच्यावर मुलांच्या लैंगिक शोषणाचे आरोप झाले. बम्बाटाने ते नाकारले. केआरएस-वनची भूमिका अशी, की बम्बाटाचे हिप हॉपमधले योगदान कोणी हिरावून घेऊ शकत नाही आणि बाकीचा भाग हा खासगी आहे. ज्यांना बम्बाटा खुपतो त्यांनी हिप हॉप सोडावे, अशा आशयाचेही तो बोलला. तक्रारदारही हिप हॉपच्याच घरातले होते. त्यांना दार दाखवून संस्थापकाला वाचवणारा हा पवित्रा त्याच्या सगळ्या वादग्रस्त मतांत सर्वांत अक्षम्य आहे, कारण इथे श्रोत्याला धक्का देण्याचा हेतूही नव्हता. होते ते फक्त घराण्याचे रक्षण.

जुनी वैरे मात्र तो मिटवू शकतो. ब्रिज वॉर्समध्ये शॅनच्या बाजूला असलेला संगीतनिर्माता मार्ली मार्ल याच्याबरोबर त्याने २००७ मध्ये ‘हिप हॉप लिव्हज’ हा संपूर्ण अल्बम केला. ऑक्टोबर २०२१ मध्ये ब्रुकलिनमध्ये व्हर्झस या गाण्यांच्या सामन्याच्या मंचावर तो रॅपर बिग डॅडी केनसमोर उभा राहिला. पाठांतराबरोबर आयत्या वेळी शब्द जुळवण्याची त्याची क्षमता तिथेही शाबूत होती. २०२३ मध्ये हिप हॉपच्या पन्नाशीनिमित्त ग्रॅमी सोहळ्यात झालेल्या मानवंदनेचे निमंत्रण आपण नाकारले, असे त्याने जाहीरपणे सांगितले. इतकी वर्षे ज्यांनी या कलेकडे पाठ फिरवली त्यांना आता फार उशीर झाला आहे, असे त्याचे कारण होते.