लेट लेट शो, द

लेट लेट शो, द : आयर्लंडच्या राष्ट्रीय दूरचित्रवाणीवरील (आरटीई) गप्पा-मुलाखतींचा साप्ताहिक कार्यक्रम. पहिला भाग ६ जुलै १९६२ रोजी प्रसारित झाला. इतका दीर्घकाळ चाललेले गप्पांचे कार्यक्रम जगात मोजकेच असून त्यांत अमेरिकेतील ‘टुनाइट शो’ (१९५४) याहून जुना आहे. अमेरिकेतच सीबीएस वाहिनीवर १९९५ मध्ये याच नावाचा कार्यक्रम सुरू झाला. दोहोंचा संबंध नाही.

उगम : आयर्लंडमध्ये दूरचित्रवाणी ३१ डिसेंबर १९६१ रोजी सुरू झाली. उद्घाटनाच्या भाषणात राष्ट्राध्यक्ष एमन डी व्हॅलेरा यांनी या माध्यमाची तुलना अणुशक्तीशी केली होती : भले अपार, पण नुकसानही न भरून येणारे. त्यानंतरच्या उन्हाळ्यात रात्रीची उशिराची वेळ काही आठवडे भरून काढावी, एवढ्याच हेतूने हा कार्यक्रम योजला गेला. नावातील दुहेरी ‘लेट’ त्या वेळेवरूनच आले असावे. कल्पनेचे श्रेय सामान्यतः निर्माता टॉम मॅग्रा यांना दिले जाते आणि ‘टुनाइट शो’ हा नमुना मानला जातो. आयरिश खेड्यात रात्री एखाद्या घरी चुलीभोवती जमून गप्पा मारण्याची जी जुनी रीत होती, तिच्याशीही काहीजण त्याचे नाते जोडतात. टेबल, पाहुणे आणि वाद्यवृंद हा साचा अमेरिकन आहे, यात शंका घेण्याचे कारण नाही. परंतु समोर बसलेल्या प्रेक्षकांनी उठून पाहुण्यांशी वाद घालावा, हा भाग त्या साच्यातून आलेला दिसत नाही. तेवढ्यापुरते दुसरे मत अधिक पटते.

गे बर्न यांचा काळ (१९६२–९९) : मधला अल्पसा खंड सोडता बर्न यांनी ३७ वर्षे सूत्रसंचालन केले आणि त्यांतील बराच काळ निर्मातेपदही सांभाळले. त्यामुळे कोणता विषय घ्यायचा आणि कुणाला किती बोलू द्यायचे, हे एकाच माणसाच्या हाती राहिले. हलक्याफुलक्या गाण्यानंतर थेट संततिनियमनावर चर्चा, अशी सरमिसळ ही त्यांची खासियत. कार्यक्रम थेट प्रसारित होई.

पहिला मोठा वाद १२ फेब्रुवारी १९६६ चा. विवाहित जोडप्यांच्या एका खेळात नवरा-बायकोची उत्तरे जुळतात का, हे पाहायचे होते. लग्नाच्या रात्री बायकोच्या झोपायच्या गाऊनचा रंग कोणता, या प्रश्नावर नवरा म्हणाला, ‘पारदर्शक’. बायको म्हणाली, काहीच घातले नसावे. हशा पिकल्यावर तिने ‘पांढरा असेल’ अशी दुरुस्ती केली. क्लॉनफर्टचे कॅथलिक बिशप टॉमस रायन यांनी दुसऱ्या दिवशी लॉख्रे येथील प्रवचनात कार्यक्रमाचा निषेध केला आणि दूरचित्रवाणी संस्थेला दिलगिरी व्यक्त करावी लागली. दूरचित्रवाणी येईपर्यंत आयर्लंडमध्ये लैंगिकता नव्हती, हे ऑलिव्हर फ्लॅनगन या लोकप्रतिनिधीचे म्हणून सांगितले जाणारे वाक्यही याच वर्षाशी जोडतात. त्याचे शब्द मात्र निरनिराळे आढळतात.

६ मार्च १९७१ चा भाग स्त्रीमुक्ती चळवळीला दिला होता. तेव्हा विरोधी पक्षात असलेले आणि पुढे पंतप्रधान झालेले गॅरेट फिट्झजेरल्ड घरी कार्यक्रम पाहता पाहता उठले व स्टुडिओत येऊन वादात सामील झाले. त्या वेळी गर्भनिरोधकांची विक्री १९३५ च्या कायद्याने बंद होती. २ एप्रिल १९९३ रोजी अ‍ॅनी मर्फी यांची मुलाखत झाली. गॉल्वेचे बिशप एमन केसी यांच्यापासून त्यांना मुलगा झाल्याचे आदल्या वर्षी उघड होऊन बिशपांनी पद सोडले होते. मुलगा बापाच्या निम्म्याने जरी निघाला तरी पुष्कळ झाले, असे बर्न म्हणताच ‘मीही काही इतकी वाईट नाही’ असे उत्तर देऊन मर्फी उठून गेल्या.

या कार्यक्रमाने आयरिश समाज बदलला, की बदलत्या समाजाला त्याने केवळ व्यासपीठ दिले? पहिली बाजू लोकप्रिय आहे. मात्र शिक्षण, शहरीकरण आणि युरोपीय समुदायातील प्रवेश (१९७३) यांचा हिशेब धरला, तर दुसरीकडेच कल झुकतो. १९६० च्या दशकातील पुष्कळसे भाग जपलेले नसल्याने त्या काळाच्या माहितीची भिस्त वृत्तपत्रे व आठवणी यांवरच आहे.

नंतरचा काळ : पॅट केनी (१९९९–२००९), रायन टब्रिडी (२००९–२३) आणि सप्टेंबर २०२३ पासून उत्तर आयर्लंडचे विनोदकार पॅट्रिक कील्टी. बराच काळ शनिवारी होणारा कार्यक्रम १९८५ पासून शुक्रवारी, डब्लिनच्या डॉनीब्रूक भागातील स्टुडिओतून होतो. नाताळाआधीचा खेळण्यांचा विशेष भाग (टॉय शो) १९७० च्या दशकात सुरू झाला. त्यात मुले नवी खेळणी चालवून दाखवतात आणि सूत्रसंचालक भडक लोकरी स्वेटरात वावरतो. देशात वर्षभरात सर्वाधिक पाहिला जाणारा कार्यक्रम बहुधा हाच असतो. कायमस्वरूपी सूत्रसंचालक म्हणून अद्याप एकही स्त्री नेमली गेलेली नाही. २०२० मध्ये टब्रिडी यांना कोविड झाला तेव्हा मिरियम ओ’कॅलहन यांनी त्यांची जागा घेतली होती.