न घालताच मोडणारे बूट: स्नीकरच्या जपणुकीमागचे रसायन

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची खोकी खाली उतरवताना माझ्या धाकट्या भावाचा स्नीकरचा एक जोड हाती लागला. पहिल्या पगारातून घेतलेला, जेमतेम चार-पाच वेळा घातलेला आणि नंतर मूळ कागदात गुंडाळून मूळ खोक्यातच ११ वर्षे जपलेला असा तो जोड होता. वरचे पांढरे चामडे पाहून तो कालच दुकानातून आणला असावा असे वाटत होते. भावाने तो हौसेने पायात चढवला, अंगणात दोन पावले टाकली आणि तिसऱ्या पावलाला टाचेखालचा जाड थर शिळ्या बुंदीच्या लाडवासारखा मोडून पडला. मी त्यातला एक तुकडा चिमटीत धरला, तर बाहेरून रंगाची पातळ पापडी तेवढी शाबूत होती आणि आत बोटांना किंचित चिकटणारा पिवळसर भुगा होता. चालून झिजलेला बूट आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. न चालता, नुसता ठेवून ठेवून संपलेला बूट मी त्या दिवशी प्रथम पाहिला. रसायनशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे असेल, पण त्या भुग्याने मला बराच काळ विचारात पाडले.

स्नीकरचा तळ बहुधा दोन थरांचा असतो. जमिनीला टेकणारा खालचा थर रबराचा असतो, आणि त्याच्या वर, पावलाचा दणका झेलणारा मधला थर असतो त्याला मिडसोल म्हणतात. हा मिडसोल अनेक बुटांत पॉलियुरेथेनच्या फेसापासून बनवलेला असतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ साली शोधलेले हे बहुवारिक (पॉलिमर, म्हणजे लहान रेणू जोडून बनलेल्या लांब साखळ्यांचे द्रव्य) आज गादीपासून गाडीच्या सीटपर्यंत सगळीकडे आहे. बुटासाठी त्याचा जो प्रकार पूर्वापार वापरला गेला, त्याच्या लांबलचक साखळीत ठिकठिकाणी एस्टर नावाचे बंध असतात. हे बंध या फेसाला चिवटपणा देतात, झिजू देत नाहीत, आणि नेमके तेच पाण्यापुढे दुबळे ठरतात.

हवेतल्या बाष्पाचे रेणू फेसाच्या सूक्ष्म पोकळ्यांत सावकाश शिरतात आणि एकेका एस्टर बंधाला तोडत जातात. या क्रियेला जलीय विच्छेदन म्हणतात. बंध तुटला की एका बाजूला अल्कोहोलचा गट उरतो आणि दुसऱ्या बाजूला अम्लाचा. हे अम्ल पुढचे बंध तोडण्याच्या कामी स्वतःच उत्प्रेरक ठरते, त्यामुळे पहिली काही वर्षे बाहेरून काहीच दिसत नाही आणि मग अखेरच्या टप्प्यात सारा मिडसोल भराभर ढासळतो. साखळ्या आखूड झाल्या की फेसाची लवचीकता जाते, भेगा पडतात आणि शेवटी भुगा होतो. म्हणूनच बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डन यांच्या नावाच्या बुटांच्या मालिकेतले १९८८ आणि १९८९ साली आलेले तिसऱ्या व चौथ्या क्रमांकाचे मूळ जोड, ज्यांचे मिडसोल पॉलियुरेथेनचे होते, आज संग्राहकांकडे असले तरी पायात घालण्याच्या लायकीचे क्वचितच उरले आहेत.

सगळे बूट असे मोडत नाहीत, ही दिलाशाची बाब आहे. कॅनव्हासच्या जुन्या घाटाच्या बुटांचा तळ व्हल्कनीकरण केलेल्या रबराचा असतो. चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ साली रबर गंधकाबरोबर तापवून त्याच्या साखळ्या एकमेकींना बांधून टाकल्या, तीच ही पद्धत. या रबरात पाण्याने तुटणारे बंध नसल्यामुळे ते बाष्पाला दाद देत नाही. ते म्हातारे होते ते उजेडाने आणि ओझोनमुळे, आणि तेही कडक होऊन, तडे जाऊन. १९७०च्या दशकापासून धावण्याच्या बुटांत आलेला ईव्हीए नावाचा हलका फेसही भुगा होत नाही, मात्र वापराने दबून बसतो. त्यामुळे जोड जमवणाऱ्याने किंमत आणि रंग पाहण्याआधी मिडसोल कशाचा आहे हे पाहावे, असे मला मनापासून वाटते.

आता हे सारे मराठवाड्यात कसे घडते ते पाहू. आपला प्रदेश कोरडा, पाऊस वर्षाला जेमतेम ७०० ते ८०० मिलिमीटर, तेव्हा बाष्पाचे भय कोकणाला, आपल्याला नाही, अशी माझीही समजूत होती. पण विच्छेदनाला पाण्याइतकीच उष्णताही लागते. तापमान १० अंशांनी वाढले की रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम आहे. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो तेव्हा स्लॅबखालच्या किंवा पत्र्याखालच्या माळ्यावर त्याहून अधिक उकाडा असतो, आणि पावसाळ्यातली दमट हवा बंद खोक्यात कोंडून राहते. शिवाय आपल्याकडचा कूलर विसरून चालणार नाही. वाळ्याच्या ओल्या पडद्यांतून येणारी गार हवा बाष्पाने भरलेली असते, आणि कूलरच्या खोलीत उन्हाळाभर ठेवलेला जोड भर वैशाखात श्रावणातली हवा घेत असतो.

म्हणून जोड ठेवावा तो घरातल्या सर्वांत थंड, अंधाऱ्या आणि वारा खेळणाऱ्या खोलीत, माळ्यावर नव्हे. खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकणे योग्य आहे, परंतु एकदा टाकून विसरून गेल्यास त्यांचा उपयोग संपतो, कारण पोटभर बाष्प शोषलेली पुडी पुढे काही शोषत नाही. पावसाळा सुरू होण्याआधी त्या बदलाव्यात. चामड्याच्या जोडाभोवती मात्र पुड्यांचा ढीग करू नये, कारण चामड्याला थोडा ओलावा हवाच असतो आणि तो पूर्ण गेला तर घडीच्या जागी तडे जातात.

साफसफाईकडे वळताना आधी आपल्या काळ्या मातीविषयी बोलायला हवे. ही माती बेसाल्टच्या खडकापासून झालेली, आणि तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकणमातीचे खनिज भरपूर असते. त्याचे कण २ मायक्रॉनहूनही बारीक, पत्त्यांच्या कॅटसारखे थरांवर थर रचलेले. पाणी लागले की ते या थरांच्या मधे शिरते आणि माती फुगते. पाणी गेले की माती आक्रसते, आणि उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याचमुळे. बुटाला लागलेल्या चिखलाचेही तसेच असते. पेरणीच्या दिवसांत शेतातून आल्यावर जोड लगेच नळाखाली धरून घासला, तर हे बारीक कण पाण्याबरोबर जाळीदार कापडाच्या धाग्यांत खोल उतरतात आणि पांढऱ्या बुटावर कायमची राखाडी झाक राहते. त्याऐवजी चिखल सावलीत पूर्ण वाळू द्यावा. तो आपोआप आक्रसतो, त्याला शेतासारख्याच भेगा पडतात आणि दोन बूट एकमेकांवर आपटले की त्याच्या खपल्या निघतात. उरलेली धूळ मऊ ब्रशने झाडून मगच पाण्याला हात लावावा.

पाण्याचाही प्रश्न आहेच. आपल्या बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी दुष्फेन, म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांनी जड झालेले असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालते. ज्या गावात हंड्याच्या तळाशी पांढरा थर जमतो तिथे काय परिस्थिती असेल ते वेगळे सांगायला नको. अशा पाण्यात साबणाचा रेणू मळाला धरण्याऐवजी कॅल्शियमला धरतो आणि न विरघळणारा चिकट साका तयार होतो. तो धाग्यात बसतो, कापड कडक होते, आणि वाळल्यावर काळ्या बुटावर पांढरे नकाशे उमटतात. पहिले धुणे साध्या पाण्याने झाले तरी अखेरचा हात इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याने द्यावा. एका जोडाला पेलाभर पाणी पुरते, आणि त्यात क्षार नसल्याने ते वाळताना मागे काहीच ठेवत नाही.

कपडे धुण्याची पूड चामड्यासाठी वापरू नये. शेतकऱ्यांना माती परीक्षणाच्या कागदावरचा सामू (पीएच, ७ च्या खाली आम्लधर्मी आणि वर अल्कधर्मी) ठाऊक असतो. आपल्या काळ्या जमिनीचा सामू बहुधा ७.५ ते ८.५, आणि धुण्याच्या पुडीच्या द्रावणाचा त्याहूनही बराच जास्त. कमावलेले चामडे मात्र किंचित आम्लधर्मी असते. अल्कधर्मी द्रावण वारंवार लागले की चामड्यातली तेले निघून जातात आणि ते कोरडे, खरखरीत होते. अंगाला लावायचा सौम्य द्रवसाबण, मऊ ब्रश आणि पिळून घेतलेले फडके एवढे पुरे आहे. स्वेडच्या, म्हणजे लव असलेल्या चामड्याच्या बुटाला तर पाणी शक्यतो लावूच नये. त्यावरचा डाग शाळेतल्या साध्या खोडरबराने हलके घासला तर बराचसा निघतो, आणि मग ब्रशने लव एका दिशेने उभी करावी.

पांढऱ्या कॅनव्हासची गंमत आपल्या पिढीने लहानपणीच अनुभवलेली आहे. शनिवारच्या पीटीसाठी शुक्रवारी संध्याकाळी बूट धुवायचे, उन्हात ठेवायचे, आणि सकाळी कडेने पिवळे पट्टे उमटलेले पाहून त्यावर खडू चोळायचा. ते पट्टे कुठून येतात? बूट वाळताना पाणी केशाकर्षणाने आतल्या थरांतून पृष्ठभागाकडे ओढले जाते आणि येताना उरलेला साबण, क्षार, आतल्या डिंकातले द्रव्य असे सगळे बरोबर घेऊन येते. पाणी उडून जाते आणि ही सामग्री कडेवर साठून राहते. म्हणून बूट भरपूर विसळावा, शेवटच्या पाण्यात चमचाभर पांढरे व्हिनेगर घालावे म्हणजे उरलेला अल्कधर्मी अंश निवळतो, आणि ओल्या बुटावर पांढरा टिश्यू कागद नीट चिकटवून तो सावलीत वाळवावा. पाणी आता कागदाच्या पृष्ठभागावरून उडते, त्यामुळे पिवळेपणा कागदावर जमतो. दुसऱ्या दिवशी मी तो कागद सोलून काढला तेव्हा त्यावर चहा सांडल्यासारखा डाग होता आणि खालचे कापड पांढरे होते. खोक्यात ठेवलेले कापड अंधारातही पिवळे पडते त्याचे कारण थोडे निराळे आहे: प्लॅस्टिकच्या वेष्टनात टिकाऊपणासाठी घातलेले बीएचटी नावाचे द्रव्य कापडावर उतरते आणि हवेतल्या नायट्रोजनच्या ऑक्साइडांशी त्याची क्रिया होऊन पिवळे रंगद्रव्य बनते. कापडात अल्कधर्मी अंश असेल तर हे अधिक होते, म्हणून ते व्हिनेगर इथेही उपयोगी पडते.

पारदर्शक किंवा पांढरा तळ पिवळा पडतो तो मात्र धुऊन जात नाही, कारण तो मळ नसतोच. अतिनील किरण आणि ऑक्सिजन यांच्यामुळे बहुवारिकाच्या साखळीतच रंग दाखवणारे गट तयार झालेले असतात. त्यावर तळाला हायड्रोजन पेरॉक्साइडचा लेप लावून, प्लॅस्टिकच्या पातळ कागदात गुंडाळून उन्हात ठेवण्याचा उपाय सर्रास केला जातो. औषधांच्या दुकानात मिळणारे २० व्हॉल्यूमचे, म्हणजे ६ टक्क्यांचे द्रावण पुरते. हातमोजे घालावेत आणि डोळे जपावेत. पेरॉक्साइड रंगाचे गट मोडते आणि तळ पुन्हा पांढरा दिसू लागतो. पण मोडलेले बहुवारिक त्याने पूर्ववत होत नाही, आणि त्याच उन्हात तळाचे वय आणखी वाढते. हा उपाय करायचाच असेल तर मार्गशीर्षातल्या कोवळ्या उन्हात करावा, मे महिन्यात नाही.

हे लिहिताना मला अजिंठ्याची आठवण होते. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन तज्ज्ञांना बोलावून लेण्यांतली चित्रे वाचवण्याचे काम दिले. त्यांनी निखळणारे गिलावे पक्के केले, हे त्यांचे मोठे काम. पण रंगांवर त्यांनी लाखेचे रोगण फासले, आणि तेच पुढे पिवळे-काळसर होऊन चित्रे झाकोळली. ते काढण्यासाठी पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना कित्येक वर्षे खपावे लागले. बुटाची आणि त्या चित्रांची बरोबरी मला करायची नाही. मात्र संवर्धनशास्त्राने तेव्हापासून जो दंडक घालून घेतला, की जे उद्या काढून टाकता येणार नाही असे काही आज मूळ वस्तूवर चढवू नये, तो भावाच्या जोडालाही लागू पडतो. सोल पांढरा राहावा म्हणून वरून पारदर्शक रोगण मारणारे व्हिडिओ पाहिले की मला हीच धास्ती वाटते.

भावाचा जोड आम्ही टाकला नाही. गावातल्या ज्या मोचीकाकांकडे आमच्या वडिलांच्या चपला शिवल्या जात, त्यांच्या मुलाकडे तो नेला. त्याने तळ पाहताच विचारले, "खोक्यातच ठेवला होता ना?" असे आठ-दहा जोड त्याने आधी पाहिले होते. त्याने भुगा खरवडून काढला, चामड्याच्या तळाशी राहिलेला जुना डिंक ॲसिटोनच्या बोळ्याने पुसला, आणि ते करताना ॲसिटोन वरच्या चामड्याच्या रंगाला लागणार नाही याची एवढी काळजी घेतली की मी पाहतच राहिलो. मग दुसऱ्या एका बुटाचा ईव्हीएचा तळ मापाला घासून घेतला, दोन्ही बाजूंना पेस्टिंग, म्हणजे बूट चिकटवायचा डिंक, लावून ते सुकू दिले, आणि नंतर गरम हवेने तापवून दाबले. हा डिंक ६०-७० अंशांना मऊ होऊन धरतो. उन्हात उभ्या बंद गाडीत समोरच्या फळीवर हेच तापमान होते, म्हणून गाडीत विसरलेल्या बुटाचा सोल सुटतो, हेही त्याने काम करता करता सांगितले.

चालताना तो जोड आता पूर्वीपेक्षा थोडा कडक लागतो, असे भाऊ म्हणतो. दर रविवारी तो घालून तो बाजारात जातो, आल्यावर ब्रश मारतो आणि बैठकीतल्या उघड्या कपाटात ठेवतो. जुन्या तळाचा भुगा मी एका काचेच्या बाटलीत भरून प्रयोगशाळेत नेला आहे, आणि एस्टरच्या विच्छेदनाचा धडा आला की ती बाटली मुलांच्या हातात देतो.