बारीक माणसाला शुगर होत नाही?

‘अंगाने बारीक आहे, त्याला कसला डायबिटीस!’ हे घरोघरी ऐकू येतं, आणि ते साफ चूक आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. पण अंगातली चरबी? युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के! आपल्याकडे ही चरबी पोटात जास्त साठते आणि रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते. म्हणून युरोपीय लोकांत ३० बीएमआयला लठ्ठपणा धरतात, तर भारतीयांत २५ लाच. हातपाय काटकुळे, पण शर्टाचं बटण पोटावर ताणलेलं, असं कुणी घरात असेल तर टेप घ्या. कंबर पुरुषांची ९०, बायकांची ८० सेंटिमीटरच्या वर असली, तर रक्त तपासून घ्याच.