मोठी दुर्बीण घेण्यापूर्वी गाडीची डिकी मोजा

दुर्बिणी बनवणाऱ्या आमच्या कार्यशाळेत येणारे बहुतेक फोन एकाच प्रश्नाने सुरू होतात : बारा इंची दुर्बीण घेऊ की सोळा इंची? त्यावर आम्ही उलट विचारतो की आपण कितव्या मजल्यावर राहता, इमारतीला लिफ्ट आहे का, गाडी कोणती आहे आणि तिच्या डिकीत सीएनजीची टाकी बसवलेली आहे का. काही ग्राहकांना ही उडवाउडवी वाटते, तर काहींना उगाच केलेली चौकशी. हे माहितीपत्रक त्यांच्यासाठी आणि मापे न पाठवता घाईने मागणी नोंदवू पाहणाऱ्या सर्वांसाठी लिहिले आहे.

दुर्बिणीच्या मुख्य आरशाचा व्यास (बारा इंची, सोळा इंची हे त्याचेच माप) वाढला की प्रकाश किती वाढतो, हे आपणांस ठाऊक असेलच. व्यासाच्या वर्गाचे ते गणित आहे. दहा इंचीवरून बारा इंचीवर गेल्यास 1.44 पट प्रकाश मिळतो, म्हणजे सुमारे 0.4 प्रत (प्रत हे ताऱ्यांच्या तेजाचे माप) अधिक मंद तारे दिसतात. बारावरून सोळावर गेल्यास 1.78 पट, म्हणजे 0.6 प्रतीच्या थोडे वर. हे आकडे खरे आहेत आणि सोळा इंचीतून दीर्घिका पाहिल्यावर माणूस बराच वेळ आयपीसपासून (ज्याला डोळा लावतात त्या भिंगापासून) हलत नाही, हेही खरे आहे. परंतु पुण्या-मुंबईच्या गच्चीवरून निघून दिवे नसलेल्या माळावर पोहोचलात, तर नुसत्या डोळ्यांनाच दोन ते अडीच प्रतींचा फरक पडतो. सोळा इंची दुर्बीण गच्चीवर ठेवणाऱ्यापेक्षा आठ इंची दुर्बीण वेल्ह्याकडे किंवा जुन्नरच्या डोंगरांत नेणारा दीर्घिका आणि तेजोमेघ पाहण्यात पुढे असतो. नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ पुण्याहून दक्षिण क्षितिजाच्या वर जेमतेम 24 अंशांवर येतो. तो मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास पाहायचा, तर दक्षिण क्षितिज मोकळे आणि काळोखे हवे, आणि ते शहरात मिळत नाही. म्हणून मोठ्या दुर्बिणीचा पहिला गुण आम्ही असा मानतो की ती घराबाहेर पडली पाहिजे आणि महिन्यातून एकदा तरी पडली पाहिजे.

आम्ही बनवतो त्या दुर्बिणी डॉब्सोनियन पद्धतीच्या (साध्या बैठकीत हाताने फिरवायच्या), ट्रस रचनेच्या (बंद नळीऐवजी दांड्यांचा सांगाडा असलेल्या) आहेत. ही पद्धत रूढ करणारे जॉन डॉब्सन (1915–2014) हे कॅलिफोर्नियातील वेदान्त मठांत 1944 पासून 1967 पर्यंत संन्यासी होते. प्लायवूड, पुठ्ठ्याची नळी आणि टाकाऊ जाड काच यांतून त्यांनी दुर्बिणी बनवल्या, त्या ढकलत रस्त्यावर नेल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना चंद्र दाखवला. सांगायचे इतकेच की ही रचना वाहून नेण्याच्या गरजेतूनच घडलेली आहे; ती घरात शोभेला ठेवणाऱ्या ग्राहकांबद्दल आम्हाला वाईट वाटते.

ट्रस दुर्बिणीचे चार भाग होतात : आरसा बसवलेला खालचा खोका, तो ज्यात झुलतो ती बैठक, दुय्यम आरसा (प्रकाश आयपीसकडे वळवणारा छोटा आरसा) व फोकसर (आयपीस पुढे-मागे सरकवणारा भाग) असलेले वरचे कडे आणि खोका व कडे यांना जोडणाऱ्या आठ दांड्या. आमच्या दहा इंचीचे एकूण वजन 18 किलो, बारा इंचीचे 26 आणि सोळा इंचीचे सुमारे 44 किलो आहे. ग्राहक हाच एकूण आकडा विचारतात आणि तोच कागदावर टिपून नेतात. खरे पाहता एकूण वजन कोणीही एका वेळी उचलत नाही. उचलावा लागतो तो सर्वांत जड भाग, म्हणजे आरशाचा खोका. दहा इंचीत तो 8 किलोचा, बारा इंचीत 13 किलोचा आणि सोळा इंचीत 24 किलोचा आहे. सोळा इंची आरशाची काचच साडेअकरा किलोच्या आसपास भरते, तेव्हा लाकूड कितीही पातळ कापले तरी हा आकडा फारसा खाली येत नाही. 24 किलो म्हणजे किती, हे समजण्यासाठी किराणा दुकानातली 25 किलोची तांदळाची गोणी छातीशी धरून आपल्या घरापासून गाडीपर्यंत एकदा जाऊन यावे. जाताना उत्साह असतो. खरी परीक्षा पहाटे पाचला, रात्रभर जागून परतल्यावर, तोच खोका पुन्हा जिन्याने वर नेताना होते, आणि त्यात काच आहे हे तेव्हाही लक्षात ठेवावे लागते.

आता ज्या चुकीपायी आमचे सर्वाधिक दिवस वाया जातात, तिच्याकडे वळतो.

ग्राहक डिकीचा तळ मोजतात, डिकीचे तोंड मोजत नाहीत. बारा इंची दुर्बिणीची मागणी नोंदवलेल्या एका गृहस्थांनी आम्हाला अतिशय नेटकी मापे पाठवली होती. लांबी, रुंदी, आतली उंची, सगळे सेंटिमीटरमध्ये, सोबत आकृतीसह. दुर्बीण तयार झाली, ते शनिवारी सहकुटुंब न्यायला आले, वरचे कडे आणि बैठक नीट आत गेली, आणि आरशाचा खोका डिकीच्या ओठावर अडला. खोका 42 सेंटिमीटर उंच होता आणि डिकीच्या तोंडाची उंची 38 सेंटिमीटर होती. आडवा करून पाहिला, तर बाजूच्या बिजागऱ्यांना लागला. डिकीच्या पोटात तो व्यवस्थित मावला असता. तोंडातून जात नव्हता, इतकेच. शेवटी खोका मागच्या सीटवर पट्टा बांधून बसवला आणि त्यांची दोन मुले रिक्षाने घरी गेली.

पुढच्या आठवड्यात त्यांनी विचारले की खोका सहा सेंटिमीटर कापून द्याल का. विचारणे साहजिक होते. परंतु या दुर्बिणीत एक माप बदलले की बाकीची मापे तशीच ठेवता येत नाहीत. आरशापासून दुय्यम आरशामार्गे आयपीसपर्यंतचे अंतर आरशाच्या नाभीय अंतराने (आरशापासून जिथे प्रकाश एकवटतो तिथपर्यंतच्या अंतराने) ठरलेले असते, त्यामुळे खोका जितका बुटका होतो, तितक्या आठही दांड्या लांब कराव्या लागतात. दांड्या बदलल्या की तोलाचा बिंदू सरकतो, तो सरकला की खोका ज्यांवर झुलतो त्या दोन्ही बाजूंच्या अर्धवर्तुळांची जागा बदलते, आणि मग बैठकीची खोलीही नव्याने ठरवावी लागते. म्हणजे आरसा आणि वरचे कडे सोडून दुर्बीण नव्याने बनवावी लागते. आम्ही ती बनवून दिली, तीन आठवडे गेले, आणि त्या काळात रांगेतल्या दुसऱ्या ग्राहकाची नोव्हेंबरची अमावास्या हुकली. त्यांचा राग आम्ही निमूटपणे ऐकून घेतला.

तेव्हापासून मापे हाती आल्याशिवाय आम्ही आगाऊ रक्कम घेत नाही. आम्हाला तीन मापे लागतात : डिकीच्या तोंडाची सर्वांत अरुंद जागेची रुंदी, तिथलीच उंची, आणि टाकी असल्यास टाकीच्या पुढे उरलेली मोकळी जागा. टाकी नंतर बसवण्याचा विचार असेल तर तेही आत्ताच सांगावे. मोजपट्टीवरही आम्ही पूर्ण विसंबत नाही. फ्रिजच्या किंवा वॉशिंग मशिनच्या खोक्याचा पुठ्ठा घ्यावा, दरपत्रकासोबत दिलेल्या मापांचे दोन खोके चिकटपट्टीने जोडून तयार करावेत आणि ते गाडीत ठेवून पाहावेत. तेही रिकाम्या गाडीत ठेवू नयेत. चटया, पाण्याचा कॅन, डबे, अंथरुणे आणि नेहमी सोबत येणारी माणसे बसवून पाहावे. बारा इंचीच्या दांड्या सुमारे 115 सेंटिमीटर लांब असतात, त्या दोन सीटच्या मधून तिरप्या जातात. तिथे कोणाचे पाय येणार आहेत, हेही तेव्हाच कळते. या सर्वाला अर्धा तास लागतो. ज्यांना तेवढी सवड नाही, त्यांच्यासाठी आमच्याकडे तिन्ही आकारांचे पुठ्ठ्याचे खोके तयार ठेवलेले आहेत.

डिकीनंतर उंचीचा विचार करावा. दुर्बीण डोक्यावर रोखली की आयपीसची उंची साधारण आरशाच्या नाभीय अंतराइतकी किंवा थोडी कमी होते. आमच्या एफ/5 (म्हणजे नाभीय अंतर व्यासाच्या पाचपट असलेल्या) बारा इंचीत ती दीड मीटरच्या आत राहते, त्यामुळे मोठी माणसे जमिनीवर उभी राहून पाहू शकतात आणि मुलांना छोटा स्टूल पुरतो. एफ/4.5 सोळा इंचीत ती पावणेदोन मीटरच्या आसपास जाते आणि सर्वसाधारण उंचीच्या माणसालाही पायरी लागते. आपल्या अक्षांशावर हा प्रश्न मागे टाकता येत नाही, कारण कृत्तिका, पुष्य, खेकडा तेजोमेघ, तसेच सिंह, कन्या आणि अरुंधती केश यांतल्या कितीतरी दीर्घिका आपल्या जवळजवळ डोक्यावरून जातात. त्या पाहायला काळोखात पायरीवर चढावे लागणार असेल, तर त्या पायरीलाही डिकीत जागा लागते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

एफ/4 का बनवत नाही, म्हणजे दुर्बीण आणखी बुटकी होईल, असेही विचारले जाते. बनवता येते, पण दोन्ही आरसे एका रेषेत जुळवण्यातली चूक खपवून घेण्याची दुर्बिणीची क्षमता एफ-अंकाच्या घनाप्रमाणे घटते, आणि एफ/5 वरून एफ/4 वर येताच ती निम्मी होते. ट्रस दुर्बीण दर वेळी नव्याने जोडली जात असल्याने आरसेही दर वेळी जुळवावे लागतात. आमच्याकडे ‘आरसा खराब निघाला’ म्हणून परत आलेल्या आरशांत एकही खराब निघालेला नाही. ते एक तर जुळवलेले नव्हते, किंवा गाडीतून काढल्यावर थंड होण्याआधीच शनीवर रोखलेले होते. जानेवारीत जुन्नरच्या बाजूला रात्रीचा पारा बराच खाली जातो आणि जाड काच तास-दीड तास आतून उबदार राहते. तोवर ग्रहाची कड उकळत्या पाण्यातून पाहिल्यासारखी हलते. आरशामागे पंखा दिलेला आहे, तो पोहोचताच सुरू करावा आणि मग चहा घ्यावा. कुरिअरने आरसा पाठवण्यापूर्वी कृपया एकदा फोन करावा.

तयार मिळणाऱ्या दुर्बिणींच्या तुलनेत आमच्या किमती अधिक आहेत, ही तक्रार रास्त आहे. त्या दुर्बिणींची बैठक बहुधा पार्टिकल बोर्डाची असते. ती जड असते, आणि कोकणातला किंवा घाटावरचा एक पावसाळा तिच्या उघड्या कडांमधून आत शिरला की ती फुगते. आम्ही 12 मिलिमीटर मरीन प्लाय वापरतो आणि कडांनाही वार्निशचे तीन हात देतो. ज्यांना ग्रह आणि चंद्रच पाहायचे आहेत, गच्चीच सोयीची आहे आणि डिकी अगदीच लहान आहे, त्यांनी आठ इंची, आखूड बंद नळीची श्मिट-कॅसेग्रेन दुर्बीण घ्यावी, असे आम्ही स्वतः सुचवतो, जरी ती आम्ही विकत नाही. मात्र त्याच प्रकारात अकरा इंचीवर गेल्यास नळीच बारा-तेरा किलोची होते आणि तिची विषुववृत्तीय बैठक (आकाशाच्या गतीबरोबर फिरणारी), तिपाई व तोलाची वजने धरली, तर आमची बारा इंची उचलायला सोपी ठरते. छायाचित्रणासाठी विचारणाऱ्यांनीही दुसरीकडे पाहावे. आमच्या दुर्बिणी हाताने ढकलायच्या आणि डोळ्याने पाहायच्या आहेत.

आमचा सल्ला असा आहे की एकटे जाणाऱ्याने आणि लिफ्ट नसलेल्या घरात राहणाऱ्याने दहा इंची घ्यावी. नेहमी दोघे जाणार असतील तर बारा इंची घ्यावी. आमच्याकडून सर्वाधिक जाते तीच. सोळा इंची फक्त तळमजल्यावर राहणाऱ्यांना किंवा गावाकडे घर असलेल्यांना आम्ही निःशंकपणे देतो, बाकीच्यांशी थोडा वाद घालतो. दहा इंची घेऊन पुढे मोठी हवीशी वाटल्यास आमच्याच बनावटीची दुर्बीण तपासून, रास्त किंमत धरून आम्ही परत घेतो.

ऑक्टोबर ते मे या काळात अमावास्येच्या जवळच्या शनिवारी आम्ही तिन्ही आकारांच्या दुर्बिणी शहराबाहेर नेतो, आणि मागणी नोंदवू इच्छिणाऱ्यांनी त्या रात्री अवश्य यावे. दुर्बीण जोडण्यापासून उतरवून डिकीत भरण्यापर्यंतची सर्व कामे आपणच करावीत. आम्ही बाजूला उभे राहू. येताना जिच्यातून पुढे दुर्बीण न्यायची आहे तीच गाडी आणावी, मित्राची मोठी गाडी आणू नये.