रात्रीच्या आकाशाचे फोटो : एका फ्रेमपासून बेरजेपर्यंत

पुण्याजवळच्या एखाद्या किल्ल्यावरून काढलेला आकाशगंगेचा फोटो समोर आला की जाणकारांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: सिंगल एक्स्पोजर आहे का, म्हणजे शटर एकदाच उघडून घेतलेला आहे का? हो म्हणणाऱ्याला शाबासकी मिळते, नाही म्हणणाऱ्याला खुलासा द्यावा लागतो. हा प्रश्न कुठून आला ते समजायला फिल्मच्या दिवसांत जावे लागते.

त्याआधीचे थोडक्यात. १८८८ मध्ये पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात भावनगर संस्थानच्या देणगीतून वेधशाळा उभी राहिली. तिथल्या प्राध्यापकांनी २२ जानेवारी १८९८ चे खग्रास सूर्यग्रहण सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरहून टिपले, सूर्याच्या वर्णपटाचे फोटो घेतले. १९१२ मध्ये ही वेधशाळा बंद झाली आणि तिची २० इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था शहरात निघाली ती १९४४ मध्ये. पुढची कित्येक वर्षे भर डोळ्यांनी पाहण्यावर होता. कॅमेरा असलाच तर तो लग्नामुंजीसाठी घेतलेला.

चित्र बदलले ते दोन धूमकेतूंनी. मार्च १९९६ मध्ये ह्याकुताके आला आणि वर्षभराने, मार्च-एप्रिल १९९७ मध्ये, हेल-बॉप संध्याकाळच्या वायव्य आकाशात साध्या डोळ्यांना दिसत राहिला. ज्यांच्याकडे शटर ‘बी’वर उघडे ठेवता येईल असा कॅमेरा होता, त्यांनी तो बाहेर काढला. पूर्ण यांत्रिक कॅमेऱ्यांना मोठी मागणी असे, कारण शटर उघडे धरायला त्यांना बॅटरी लागत नसे. सोबत कुलूप असलेली केबल रिलीज (शटर दाबून धरणारी तार), ५० मिलिमीटरची लेन्स आणि ४०० किंवा ८०० आयएसओची, म्हणजे मंद प्रकाशही टिपणारी फिल्म.

एवढ्या साहित्यात नुसत्या ट्रायपॉडवर दहा-पंधरा सेकंदांपलीकडे गेले की तारे रेघा ओढू लागतात. त्यावरचा उपाय घरगुती होता: दोन फळ्या, एक बिजागरी आणि बोहरी आळीतून आणलेला ६ मिलिमीटरचा बोल्ट. या बोल्टच्या दोन आट्यांमधले अंतर १ मिलिमीटर असते. बिजागरीपासून २२९ मिलिमीटरवर तो बसवून मिनिटाला एक फेरा दिला की वरची फळी ताशी १५ अंशांनी उघडते, म्हणजे आकाशाच्याच वेगाने. बिजागरी ध्रुवाकडे रोखायची. पुण्यात ध्रुव क्षितिजापासून जेमतेम साडेअठरा अंश वर, त्यामुळे उत्तरेला डोंगर किंवा आंब्याचे झाड आले की जागा बदलणे भाग. हातात सेकंदकाटा असलेले घड्याळ घेऊन दहा मिनिटे बोल्ट फिरवणाऱ्या माणसांनी इथल्या आकाश-छायाचित्रणाचा पाया घातला, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

फिल्मला एक जन्मजात मर्यादा होती. प्रकाश मंद असला की तिची ग्रहणशक्ती उतरत जाते. एक्स्पोजरचा वेळ दुप्पट केला तरी नोंद दुप्पट होत नाही. म्हणून एकाच फ्रेममध्ये जमेल तितके सगळे मिळवायचे, असा नेम. त्यात भर लॅबची. काळ्या आकाशाची निगेटिव्ह जवळजवळ कोरीच दिसत असल्याने फ्रेमची कड कळत नसे आणि कात्री भलतीकडेच चाले. रोलची पहिली फ्रेम दिवसाउजेडी काढायची, कापणाऱ्याला माप मिळते, हे जुने लोक नव्यांना आवर्जून सांगत. छपाईचे यंत्र सरासरी उजेड धरून काळे आकाश राखाडी करून टाकी. त्यामुळे जाणकार स्लाइडकडे, म्हणजे थेट पडद्यावर दाखवता येणाऱ्या पारदर्शक फिल्मकडे वळले. स्लाइडमध्ये मधला छापणारा नसतो. जे उमटले तेच पडद्यावर. एक फ्रेम म्हणजे खरा फोटो, ही समजूत या स्लाइडच्या काळातली आहे.

ती तेव्हाही पुरती खरी नव्हती. दोन सारख्या स्लाइड एकावर एक ठेवून धूमकेतूची शेपटी उठावदार करण्याची युक्ती फिल्मवाल्यांना माहीत होती. बेरीज तेव्हाही होती, फक्त हाताने होत होती.

२००३ मध्ये कॅननचा ३००डी आला आणि डिजिटल एसएलआर नोकरदार माणसाच्या विचारात येऊ लागला. सेन्सर फिल्मसारखा थकत नाही. दुप्पट वेळेला दुप्पट नोंद. पण त्याला स्वतःचा गोंगाट (चित्रातले नकोसे ठिपके) असतो आणि तो उष्णतेने वाढतो. पुण्यात ही अडचण मोठी, कारण आकाशगंगेचा गाभा रात्री सोयीच्या वेळी वर येतो तो जून ते ऑगस्टमध्ये, आणि तेव्हा ढग. मग उरतात मार्च ते मे महिन्यांतल्या पहाटा, त्याही उकाड्याच्या. उत्तर सापडले ते स्टॅकिंगमध्ये: तोच भाग अनेकदा टिपायचा आणि सॉफ्टवेअरने तारे जुळवून सरासरी काढायची. १६ फ्रेम जोडल्या की गोंगाट चौथ्या हिश्श्यावर येतो. देवयानी दीर्घिकेच्या बाहेरच्या मंद कडा शहराजवळून दिसू लागल्या त्या या गणितामुळे.

इथे वाद सुरू झाला आणि अजून मिटलेला नाही. एका बाजूचे म्हणणे, सोळा फोटोंची सरासरी हा फोटोच नव्हे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे, व्यावसायिक वेधशाळांतही अनेक एक्स्पोजर एकत्र करतात, मग हौशींना बंदी का? दुसरी बाजू बरोबर आहे. एकाच वस्तूकडून आलेला प्रकाश तुकड्यातुकड्यांत गोळा केला तर त्यात काही खोटे शिरत नाही.

खरा पेच पुढचा. तोरणा किंवा राजगडाच्या बुरुजावर आकाशगंगा टिपायची तर ट्रॅकर, म्हणजे कॅमेरा फिरवणारे यंत्र, आकाशाबरोबर फिरतो आणि बुरूज पुसट होतो. म्हणून जमिनीची फ्रेम वेगळी, ट्रॅकर बंद करून. दोन्ही जोडल्या की काम झाले, आणि ते प्रामाणिक आहे: ट्रायपॉड तोच, रात्र तीच, दिशा तीच. पण जोडायची सवय लागली की सीमा सरकते. कुणी जमीन संध्याकाळच्या निळ्या उजेडात घेतो आणि आकाश पहाटे. कुणी बुरूज मोठ्या लेन्सने जवळ ओढतो आणि मागे रुंद लेन्सचे आकाश चिकटवतो. कुणी लडाखचे आकाश मावळातल्या किल्ल्यामागे लावतो. या तिघांना एकाच पारड्यात घालणे चुकीचे, तसे या तिघांना काहीही न विचारणेही चुकीचे.

तपासायला भूमिती पुरेशी आहे. आकाशगंगेचे केंद्र आकाशाच्या विषुववृत्तापासून २९ अंश दक्षिणेला. पुण्यातून ते जास्तीत जास्त साडेबेचाळीस अंशांवर चढते, आणि तेही थेट दक्षिणेला. उत्तरेकडे पाहून टिपलेल्या कड्यामागे तेजस्वी गाभा उभा असेल तर तो तिथे आणून ठेवलेला आहे. ज्येष्ठेच्या लाल ताऱ्यापासून मूळ नक्षत्राच्या नांगीपर्यंत सुमारे १७ अंश अंतर असते. बुरूज किती अंशांत मावतो ते जागेवरून मोजता येते. दोन मापे जुळली नाहीत की लेन्स दोन होत्या. ‘तीच जागा, तीच रात्र, तीच लेन्स’ ही अट म्हणूनच मला न्याय्य वाटते, आणि ‘फक्त एक फ्रेम’ ही अट कालबाह्य.

दरम्यान आकाशच बदलत गेले. सोडियमच्या पिवळ्या दिव्यांचा बराच प्रकाश ठरावीक रंगांत असे, त्यामुळे तो फिल्टरने काही अंशी तरी अडवता येई. रस्त्यांवर पांढरे एलईडी आले आणि त्यांचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला. असा फिल्टर तिथे हतबल. आता शहरातून तेजोमेघ टिपायचे तर हायड्रोजनचा ६५६ आणि ऑक्सिजनचा ५०१ नॅनोमीटरजवळचा अरुंद पट्टाच आत सोडणारे फिल्टर वापरतात. दीर्घिका आणि आकाशगंगेला त्यांचा उपयोग नाही, त्यासाठी वेल्हे, भोर, जुन्नरकडे जावे लागते. जानेवारी २०२४ मध्ये राज्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला डार्क स्काय पार्कचा, म्हणजे अंधारे आकाश जपणाऱ्या क्षेत्राचा दर्जा मिळाला, पण तो नागपूरच्या पलीकडे. पुण्याच्या पश्चिमेच्या डोंगरांसाठी असे काही व्हावे, ही इथल्या अनेकांची मनापासूनची इच्छा आहे.

२०१९ पासून मोबाइलमध्येही आकाशासाठी वेगळा मोड आला. तो काही मिनिटांत अनेक एक्स्पोजर घेऊन आतल्या आत जोडतो. २०२३ नंतरच्या छोट्या स्वयंचलित दुर्बिणी दहा-दहा सेकंदांच्या शेकडो फ्रेम जोडून तयार चित्र मोबाइलवर देतात. बेरीज यंत्रातच होत असल्याने ‘सिंगल एक्स्पोजर’ असे प्रामाणिकपणे सांगणाऱ्यालाही आता आपल्या फोटोत किती फ्रेम आहेत ते बरेचदा ठाऊक नसते. स्पर्धांत मूळ रॉ फाइल (सेन्सरची प्रक्रिया न केलेली नोंद) मागण्याचे कारण हेच.