तांबड्या रश्श्याआधीचा घोट

कोल्हापुरात मित्रमंडळी जमली की बिअरचा पहिला घोट आणि तांबड्या रश्श्याची पहिली वाटी बऱ्याचदा एकदमच पुढ्यात येतात. साध्या थंडगार लागरचं त्यानं फारसं बिघडत नाही. पण गव्हाची कडक बिअर, जिला जर्मन लोक वाइझनबॉक म्हणतात, ती रश्श्याआधीच चाखावी, असं माझं ठाम मत आहे.

या प्रकारातली नावाजलेली बिअर म्हणजे बव्हेरियातल्या श्नायडर ब्रुअरीची अ‍ॅव्हेंटिनस. ती १९०७ पासून बनते आणि तिच्यात ८.२ टक्के अल्कोहोल असतं. ग्लास नाकाशी नेला की आधी पिकलेलं केळं, मागून लवंग आणि तळाशी काकवीसारखा गोडसर, भाजका वास. केळं किंवा लवंग तिच्यात कुणी घातलेली नसते. ही सगळी यीस्टची करामत. आंबताना ते आयसोअमाइल अ‍ॅसिटेट तयार करतं. खऱ्या केळ्याच्या वासातही हेच संयुग असतं. (डंख मारणारी मधमाशी इतर माश्यांना धोक्याचा इशारा देते, तोही याच संयुगानं!) लवंगेची गोष्ट जरा वेगळी. गहू आणि सातूच्या पेशीभित्तिकांमध्ये फेरुलिक आम्ल असतं. यीस्ट त्यातून कार्बन डायऑक्साइड काढून टाकतं आणि उरतं ४-विनाइल ग्वायकॉल. लवंगेतल्या युजेनॉलशी त्याची रचना बरीच जुळते. बिअरच्या बहुतेक यीस्टनी ही क्षमता गमावली आहे, गव्हाच्या बिअरच्या यीस्टनी ती टिकवली.

हे सारं जिभेला कळतच नाही. नाक चिमटीत धरून घोट घ्या: थोडं गोड, थोडं आंबट, बस्स. गिळून नाक सोडा, की घशाच्या मागून वर चढणारी हवा केळं आणि लवंग घेऊन येते. बिअर फार गार असेल तर ही संयुगं हवेत कमी उडतात, म्हणून फ्रिजमधून काढल्यावर थोडा वेळ थांबावं. दहा-बारा अंश सेल्सिअस पुरे.

आता रस्सा. तोंडातल्या मज्जातंतूंवर टीआरपीव्ही-१ नावाचा ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे उष्णता टिपणारं प्रथिन) असतो. एरवी तो ४२ अंशांच्या आसपास जागा होतो आणि मेंदूला ‘भाजलं’ असं कळवतो. मिरचीतलं कॅप्सायसिन त्याला थेट चेतवतं. अल्कोहोल त्याचा उंबरठा सुमारे ३४ अंशांपर्यंत खाली आणतं, म्हणजे शरीराच्या तापमानाच्याही खाली. कडक बिअरची घशातली ऊब ती हीच. दोन्ही एकत्र आले की रस्सा आणखी तिखट लागतो आणि त्या जाळात केळ्या-लवंगेकडे लक्षच राहत नाही. फेसातला कार्बन डायऑक्साइडही पोळलेल्या तोंडाला टोचतो.

बिअरनं तिखट उतरेल म्हणावं, तर कॅप्सायसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि आठ टक्के अल्कोहोल त्यासाठी फारच अपुरं. ते स्निग्ध पदार्थात विरघळतं, आणि पांढऱ्या रश्श्यातल्या नारळाच्या दुधात तो स्निग्धांश भरपूर असतो.